चाकाचा घेर

शर्ट तिने आधी ओळखला, माणूस नंतर. आणि माणूस नव्हताच तो. तपकिरी चौकडीचा शर्ट, डाव्या खिशाला शाईचा डाग, कॉलर झिजल्यावर उलटी करून पुन्हा शिवलेली. सहा महिन्यांपूर्वी वारलेल्या वडिलांचा शर्ट घालून एक पुतळा बसथांब्याच्या पत्र्याच्या शेडशेजारी, फूटपाथवर, एक हात किंचित पुढे करून उभा होता. ‘जरा इकडे ये’ म्हणावं तसा. आणि गाडी खरोखरच तिकडे वळली. वळायला नको होती. वळण अजून बारा मीटर पुढे होतं, दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी. चाचणीचा हा रस्ता तिला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखा पाठ होता. पण गाडीने शहाण्या मुलीसारखा आधी डावा दिवा लावला, वेग कमी केला आणि सरळ फूटपाथच्या दिशेने तोंड फिरवलं. चालवणारं कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवर ती होती आणि तिचा अंगठा लाल बटणावर होता. त्या अंगठ्याला दुसरं काम नाही: वाकडं दिसलं की दाबायचं, गाडी जागच्या जागी थांबते. अडीच सेकंद होती. अडीच सेकंदांत माणूस शिंकतो, एखादी शिवी पुरी करतो. तिने श्वास घेतला आणि अंगठा तसाच ठेवला. आधी चाक फूटपाथच्या कडेवर चढल्याचा दणका मणक्यात बसला, मग आवाज आला, ओल्या गादीवर दांडकं हाणल्यासारखा. शर्ट काचेवर आला. रबराचं तोंड काचेला घासत, ओठ मुडपून, तिच्याकडे एकदा बघून वर गेलं. पत्रा फाटला. वाळूची एक धार काचेवरून खाली वाहिली. गाडी शेडच्या खांबाला नाक लावून थांबली आणि समोरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: ‘मार्गावर. सर्व ठीक.’

ती उतरली.  पाहुणा शेडच्या मागे उताणा पडला होता. पाहुणा म्हणजे पुतळा. इथे सगळे त्यांना पाहुणेच म्हणत. प्लास्टिकच्या नळ्यांची हाडं, वाळूची पोटं, रबराची डोकी. ‘आज पाहुणे किती?’ असं सकाळी विचारायचं आणि संध्याकाळी ‘दोन गेले, एक लंगडतोय’ असं सांगायचं. कपडे मात्र खरे लागत, कारण गाडीचे कॅमेरे दुकानातल्या कोऱ्या कापडाला फसत नाहीत. म्हणून ऑफिसातला जो तो घरचे जुने कपडे आणून भांडारात टाकी. तिनेही टाकले होते, एक पिशवी, आईने बांधून दिलेली. ती पाहुण्याजवळ गेली आणि बूट घातलेल्या पायाने तिने त्याच्या बरगडीत लाथ मारली. मग दुसरी. मग किती ते तिने मोजलं नाही. नळी मोडल्याचा आवाज झाला तेव्हा तिला फार बरं वाटलं, इतकं बरं की लगेच उलटी होईल असं वाटलं. नाकातोंडात वाळू गेली. मागून कुणीतरी धावत आलं आणि तिच्या दंडाला धरलं.

“ताई, अहो ताई, मेला तो. पुन्हा नका मारू.”

तो चोर होता. चोर म्हणजे सहकारीच, दहा वर्षं बरोबर असलेला; पण कामाने चोर. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या बंद व्हॅनमध्ये बसून गाडीला फसवायचं, ही त्याची नोकरी. आणि तो फसवतो कसा हे ओळखून गाडीला सावध करायचं, ही तिची. त्याला चोर म्हणत, तिला कुलूपवाली. इथला एक नियम होता, कुठेही लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलेला नव्हता: ज्याने कुलूप केलं त्यानेच आत बसायचं. आणि दुसरा: पाहुणा कुठे, कोणत्या कपड्यांत उभा आहे, हे आत बसणाऱ्याला सांगायचं नाही. शेवटच्या फेरीला भांडारवाला गुपचूप तो नेऊन ठेवी.

“तू केलंस काय?” तिने धापा टाकत विचारलं.

“नेहमीचंच. फक्त हळू केलं.” चोराने मान खाली घातली. “यावेळी फारच हळू. तुमचं कुलूप कडी वाजवेल म्हणून वाट बघत होतो. वाजलीच नाही.”

हळू. तो शब्द दिवसभर तिच्या दाताखाली खड्यासारखा राहिला. ओरडणारा खोटारडा पकडणं सोपं. तेवढं कुलूप तिने केव्हाच केलं होतं. आकाशातून येणारी उपग्रहाची हाक मुळातच इतकी बारीक, की कुणी जवळ उभं राहून त्याच आवाजात जरा मोठ्याने बोललं तर गाडी त्याचंच ऐकते. एकदम शंभर मीटर खोटं बोललात तर गाडी दचकते, विश्वास काढून घेते. पण शहाणा चोर आधी खरंच बोलतो. तंतोतंत खरं, त्याच सुरात. गाडीचा कान त्याच्या आवाजाला सवकला की मग वीतभर खोटं. मग आणखी वीतभर. म्हणून तिने तीन साक्षीदार ठेवले होते: आकाशातली हाक, आपले फेरे मोजणारं चाक, आणि रस्ता बघणारा कॅमेरा. दोघं एक बोलले की तिसऱ्याने गप्प बसायचं. आज कॅमेरा ओरडून सांगत होता की वळण आलेलं नाही, समोर फूटपाथ आहे. पण हाक म्हणाली वळण आलं, आणि चाकही म्हणालं, हो, आलं. कॅमेरा गप्प बसला. अडथळा बघून थांबणारी यंत्रणा त्या दिवशी मुद्दाम बंद होती, एका वेळी एकाच कुलपाची परीक्षा म्हणून. चाक का खोटं बोललं, हे तिला कळेना. चाकाला कुणाची भीती?

वडीलही हळू बोलत. मारताना नाही, मारताना त्यांचा आवाजच नसे, फक्त पट्ट्याचा असे, आणि नाकातून येणारा एक बारीक शिट्टीसारखा श्वास. बोलत ते नंतर. कपाटाला टेकून ती बसलेली असायची, कानात घंटा, जिभेवर लोखंडाची चव, आणि ते समोर उकिडवे बसून, तिच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणत, “कुठे लागलं गं? धावत जाऊ नये असं.” आणि दारात उभी आई पदराने हात पुशीत राही, ते हात कोरडेच असत. नऊ वर्षांची असताना हनुवटी फुटली, चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? वडील म्हणाले, पायरीवरून पडली. आई म्हणाली, हो, पायरी ओली होती. डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले, बराच वेळ, चांगला माणूस होता बिचारा. ती दोघांकडे बघून म्हणाली, “सातवी.” कुणी विचारलं नव्हतं कितवी. तिनेच आपण होऊन पदरचं घातलं. आणि त्या पायऱ्या तिला अजून लख्ख दिसत: काळसर, फिनेलचा वास असलेल्या, सातवीचा टवका उडालेला आणि त्यात तळहाताएवढं पाणी साचलेलं. पट्टाही आठवे. दोन्ही आठवायचं. लहानपणी कधीतरी तिने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता, की मार वेगळा आणि हनुवटी वेगळी. हनुवटीबद्दल निदान त्यांना दोष देता येणार नाही. पायऱ्या होत्या ना.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट नव्हते. कुणाच्या घरी आजारपण असलं की आठवणीने विचारणारे, खोलीत कुणी आलं की उठून उभे राहणारे. त्यांच्या मागे फळ्यावर लाल खडूने ‘सोमवार’ लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा. सोमवारी चाळीस गाड्या खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसांत जाणार होत्या. त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. ती स्वतःला लाथा मारताना बघत राहिली. वरून, आवाजाशिवाय, ती कुणीतरी चिखल तुडवणारी बाई वाटत होती.

“मी हे कुणाला दाखवणार नाही, मॅडम,” साहेब म्हणाले. “घरी एवढं मोठं झालं, तुम्ही एक दिवस रजा काढली नाहीत. होतं असं.”

“गाडी चुकली, साहेब. बारा मीटर आधी वळली.”

“तुम्हाला तसं वाटलं.” आवाज अगदी मऊ. “तुम्ही आत होतात, घाबरलेल्या होतात. पडदा शेवटपर्यंत हिरवा आहे, बघा. गाडी सावरत होती. बटण वेळेवर दाबलं गेलं नाही, म्हणून चाचणी बाद. बाद म्हणजे नापास नव्हे.”

तिच्या हाताची मूठ वळली. समोर काचेचा जड पेपरवेट होता. तो उचलून त्या मऊ आवाजाच्या मधोमध, दातांवर घालावा, हे तिने इतकं नीट बघितलं की पेपरवेटचा गारवासुद्धा तळहाताला लागला. दात टेबलावर सांडल्याचा आवाजही ऐकला. आणि त्याच क्षणी, ती हे सगळं बघत असतानाच, तिचं तोंड बोललं, “अंगठा घसरला असेल. बटणावर घाम होता.”

कुणी विचारलं नव्हतं घामाचं.

“बघा,” साहेबांना मनापासून हायसं वाटलं. “तेवढंच लिहा. उद्या दहापर्यंत द्या.”

घरी पोचली तेव्हा उजेड होता. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती बसूनच सगळं करी आणि उभ्याने करणाऱ्यांपेक्षा दुप्पट करी. घडी घालण्याआधी प्रत्येक टॉवेल ती हवेत फटकन झटके. चाबूक ओढल्यासारखा आवाज होई आणि मुलीच्या पापण्या दर वेळी मिटत. चाळीस वर्षं मिटत होत्या. दोघींपैकी कुणीही त्यावर कधी बोललं नव्हतं.

“पायाला काय झालं?” आईने न बघता विचारलं.

“लाथ मारली.”

“कुणाला?”

“पाहुण्याला. बाबांचा शर्ट घातला होता त्याला.”

टॉवेल थांबला. “तपकिरी?”

“हो.”

“फाटला?”

“चिंध्या झाल्या. गाडी आली त्याच्या अंगावर. मग मी.”

“कुठून फाटला?”

“आई, काय हे!”

“सांग ना. कुठून?”

“बरगडीतून. डाव्या.”

आईने मान हलवली, भाजीवालीने वजन बरोबर केल्यावर हलवावी तशी. “माझी पण डावीच होती,” ती म्हणाली आणि टॉवेल पुन्हा झटकला. “तो शर्ट मी पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. म्हटलं, खाली राहून वाचायला नको.”

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली.  बूट काढला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तिला आईचा राग आला, जुना, शिळा, रोज थोडा गिळून ठेवलेला. या बाईने पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही आणि उघडलं तर एका पुतळ्याकडून हिशेब चुकता करून घेतला. हात पुशीत दारात उभी राहायची. ओली होती म्हणायची.

“मी पडले तेव्हा तू कुठे होतीस?” तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कठोर निघाला. “हनुवटी फुटली तेव्हा. जिन्यात होतीस का?”

“कुठल्या जिन्यात?”

“आपल्या. त्या घराच्या. सातवी पायरी, टवका उडालेली.”

आईने मान वर केली. हातातला टॉवेल मांडीवर आपोआप उलगडत गेला.

“अगं, त्या घराला पायऱ्या कुठे होत्या?” ती म्हणाली. “तळमजल्यावर तर होतो आपण. उंबरासुद्धा नव्हता. पावसाचं पाणी थेट आत यायचं, गोणपाट लावत बसायचे मी.”

खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता. मुलीने डोळे मिटले आणि पायऱ्या बघितल्या. होत्या. काळसर, फिनेलचा वास, सातवीवर पाणी. त्या पाण्यात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. ती एकेक पायरी उतरत खाली आली, सहा, पाच, चार, आणि शेवटच्या पायरीवरून पाय टाकला तर खाली काहीच नव्हतं. नुसती सपाट, पोपडे आलेली फरशी, तिच्यावर पडलेली ती, आणि वर तो बारीक शिट्टीसारखा श्वास. फरशीचा गारवा गालाला. हनुवटीतून काहीतरी गरम, भराभर. आणि दारात दोन पावलं, अनवाणी, न हलणारी.

“मी म्हटलं ओली होती,” आई हळूच म्हणाली. “त्यांनी पायरी म्हटलं, मी ओली म्हटलं. कितवी ते मात्र तू सांगितलंस, बाळ. मला तेव्हा वाटलं, झालं, आता ही पण आली आमच्यात.”

मुलगी उठली. तिला वाटलं आपण आता या म्हातारीला खांद्याला धरून गदागदा हलवणार. हात खांद्यापर्यंत गेलेही. खांदा चिमणीएवढा लागला. तिने तो धरला आणि नुसता धरून ठेवला.  मग कुणी कुणाला काय शिकवलं, या प्रश्नाशी येऊन तिचं डोकं थांबलं, आणि तिथून ते सरळ मैदानावर गेलं, गाडीच्या खाली, उजव्या मागच्या चाकाशी.

चाकाला शिकवणी तिनेच लावली होती! टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते, घेर केसाएवढा बदलतो. मग फेऱ्यांवरून काढलेलं अंतर चुकतं. म्हणून तिने सोय केली होती, की चाकाने दर मिनिटाला आकाशातल्या हाकेला विचारायचं, माझा घेर किती? आणि ती सांगेल तो मानायचा. या सोयीचं तिला केवढं कौतुक होतं! बक्षीस मिळालं होतं तिला या सोयीबद्दल, कपाटात धूळ खात होतं. चोर हळू बोलला. हाक म्हणाली, आपण जरासे पुढे आलो; चाक म्हणालं, माझ्या मोजणीत नाही बसत; हाक मऊ आवाजात म्हणाली, तूच थोडं मोठं झालं असशील. आणि चाकाने मान्य केलं. सात मिनिटं, मूल रोज थोडं मोठं व्हावं तसं ते फुगत गेलं, आणि वळणापाशी दोन साक्षीदार उभे राहिले, दोघांच्या तोंडी शब्द एकाचेच. तिसऱ्याने डोळ्यांनी बघितलं होतं. त्याला गप्प बसवणारी ओळ तिनेच लिहिली होती.

सकाळी साडेनऊला ती साहेबांच्या खोलीत गेली. चोरालाही ओढत नेलं. साहेब उठून उभे राहिले. तिने कागद पुढे केला आणि त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

“‘बटण मी दाबलं नाही. अंगठा घसरला नव्हता, घाम नव्हता. मला दाबायचं नव्हतं.’” साहेबांनी वर बघितलं. “हे काय लिहिलंय, मॅडम? हे लिहिलंत तर तुम्हाला पुन्हा गाडीत बसू देणार नाहीत. आणि चाचणी बादच होते की.”

“खालचं वाचा.”

“का नव्हतं दाबायचं?”

“पाहुण्याच्या अंगात माझ्या वडिलांचा शर्ट होता,” ती म्हणाली. “ते मला मारायचे.”

चोर एकदम भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला. साहेबांच्या तोंडावर तो मऊपणा यायला लागला होता, पाणी चढावं तसा. त्यांनी आवाजही त्या पट्टीला लावला. “म्हणजे तुम्ही स्वतःच मान्य करताय की त्या क्षणी तुमची मनःस्थिती...”

“माझी मनःस्थिती वाईट होती. ती लिहिली आहे.” तिने हनुवटी चोळली. चार टाक्यांची रेघ बोटाखाली कडक लागली. “पण गाडीला वडील नव्हते, साहेब. ती का नाही थांबली?”

साहेबांनी खाली वाचलं. तिथे आकडे होते, मिनिटामिनिटाचे: चाकाचा घेर, पहिल्या मिनिटाला दोन मीटर, सातव्याला दोन मीटर आणि दहा मिलिमीटर. चोराने टायरला टेप लावून काढलेला फोटो शेजारी डकवला होता. दोन मीटर.

“दहा मिलिमीटर,” साहेब म्हणाले.

“तेवढ्यामुळे बारा मीटर आधी वळली. बारा मीटरांत माणूस उभा असतो.”

“रस्त्यावर पुढचं बघणारी यंत्रणा चालू असेल.”

“कोपऱ्याआड एखादा ट्रक उभा असेल, त्याच्यामागून कुणी बाहेर येईल. किती वेळ मिळेल तिला? तुम्हीच सांगा. आणि त्या अंगठ्याच्या जागी कुणीच नसेल.”

साहेब बसले. सातव्या मिनिटाचा आकडा त्यांनी बोटाने पुन्हा शोधला. मग उठले, फळ्यापाशी गेले आणि ‘सोमवार’ हा शब्द त्यांनी तळहाताने पुसला; रेघा तशाच राहिल्या. हात लाल झाला. तो कुठे पुसावा ते त्यांना कळेना.

तीन आठवडे गेले. चाकाची शिकवणी तिने बंद केली. घेर रोज सकाळी माणसाने टेपने मोजायचा, आणि दिवसभर कुणी काही म्हणो, चाकाने तोच सांगायचा. कॅमेऱ्याला गप्प बसवणारी ओळ काढून टाकली. आणि साक्षी जुळल्या नाहीत तर गाडीने शहाणपणा न करता बाजूला थांबायचं. तिला आत बसू द्यायचं की नाही यावर दोन बैठका झाल्या. शेवटी चोर म्हणाला, ज्याने कुलूप केलं त्याने बसायचं, नाहीतर मी व्हॅनमधून उतरतो. त्या दिवशी ऊन होतं. चोर व्हॅनमध्ये हळू बोलायला बसला होता, आणि अडथळा बघणारी यंत्रणा पुन्हा मुद्दाम बंद होती. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या, शेवटच्या फेरीला शेड दिसली, नव्या पत्र्याची, आणि शेजारी पाहुणा. त्याने वडिलांची करडी पँट घातली होती; पिशवीतली दुसरी. भांडारवाल्याला काय ठाऊक!  कानशिलं तापली, पावलांत ती ओळखीची शिरशिरी आली, आतून कुणीतरी म्हणालं, येऊ दे, आणखी जवळ येऊ दे. तिने ते सगळं येऊ दिलं. गाडीने डावा दिवा लावला. मग विझवला. वेग गेला, चाकं कडेला लागली, आणि पाहुण्यापासून आठ पावलांवर गाडी उभी राहिली. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत आलं: ‘मी कुठे आहे ते मला नक्की माहीत नाही.’

हे वाक्य तिनेच लिहिलं होतं. तरी तिने ते दोनदा वाचलं.

वॉकीटॉकी खरखरला. “थांबली!” चोर ओरडला. “ताई, खरं सांगा, बटण दाबलंत का?”

“नाही.”

“अंगठा कुठे आहे?”

तिने खाली बघितलं.

“मांडीवर,” ती म्हणाली. “दोन्ही हात मांडीवर आहेत माझे.”